कटकचे बी, तेरणेचे पाणी

१९५१ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात एक लेख छापून आला. प्राचीन भारतीयांना मासे आणि मासेमारी यांचे किती ज्ञान होते, याचा शोध घेणाऱ्या लेखमालेतला तो एक भाग होता. लेखक सुंदरलाल होरा हे भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक. विषय होता बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथातले ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण. ग्रंथाचा कर्ता कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, उमरग्याहून पूर्वेला तासाभराच्या वाटेवर. आजच्या धाराशिव जिल्ह्याचा मुलूख तेव्हा याच घराण्याच्या राज्यात होता.

सोमेश्वराने हा ग्रंथ ११३०च्या आसपास पुरा केला. मराठी वाचकाला तो ठाऊक असतो तो त्यातल्या जुन्या मराठी गीतांच्या ओळींमुळे. पण याच राजाने पस्तीसेक प्रकारच्या माशांचे वर्णन करून ठेवले आहे. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, अशी त्याची वर्गवारी आहे. कोणत्या माशाला कोणते खाद्य आवडते, त्याचे गोळे कसे करावेत, गळ कसा टाकावा, हेही त्याने सांगितले आहे. होरा यांनी या वर्णनांवरून आजच्या शास्त्रीय जाती ओळखण्याचा प्रयत्न केला.

हे होरा केवळ जुन्या पोथ्यांत रमणारे नव्हते. १९४२ ते १९४७ या काळात ते बंगालच्या मत्स्यविभागाचे संचालक होते. त्यातले १९४३ हे वर्ष बंगालच्या दुष्काळाचे. लाखो माणसे अन्नावाचून मरत असताना माशांचा अभ्यास हा अन्नाचाच प्रश्न झाला होता. देशाचे मत्स्यसंशोधन एका सूत्रात बांधण्याची कल्पना याच वर्षांत आकाराला आली. ती कल्पना दिल्ली-कलकत्त्याहून निघून धाराशिव जिल्ह्यात, तेरणा-सीनेच्या काठी कशी पोचली, आणि वाटेत तिचे काय झाले, त्याचा हा इतिहास.

जिल्ह्याची जमीनच दुभंगलेली आहे. बालाघाटाच्या रांगेच्या एका अंगाला पडलेला पाऊस तेरणा-मांजरेतून गोदावरीला मिळतो, दुसऱ्या अंगाचा सीना आणि बोरीतून भीमेला, म्हणजे कृष्णेला. दोन मोठ्या खोऱ्यांचे हे माथे. माथ्यावरच्या नद्या पावसाळ्यात उतू जातात आणि फाल्गुनात डोहाडोहांवर येतात. त्या डोहांत मरळ, वाम, शिंगाडा आणि झिंगे तग धरून राहतात. भोई आणि कोळी कुटुंबांची मासेमारी या डोहांवर चालत आली.

या भागातल्या माशांची पहिली आधुनिक यादी एका लष्करी अधिकाऱ्याने केली. विल्यम हेन्री साइक्स याला मुंबई सरकारने १८२४मध्ये दख्खनची सांख्यिकीय पाहणी करायला नेमले होते. पिके, हवामान, पक्षी, जनावरे असे सगळे नोंदवताना त्याने भीमेच्या खोऱ्यातले मासेही जमवले. १८३९मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात ४६ जाती होत्या आणि त्यांतल्या बहुतेक विज्ञानाला नव्या होत्या. नावे देताना त्याने काठावरच्या लोकांची नावेच बऱ्याच ठिकाणी उचलली. टोर खुद्री, स्पेराटा सिंघाला, गारा मुल्या ही आजही वापरात असलेली शास्त्रीय नावे त्या यादीतून आली आहेत. पण साइक्सचा अधिकार कंपनी सरकारच्या मुलखापुरता होता. धाराशिव निजामाचे. पुढे १८९७मध्ये इंग्रज सरकारने मासेमारीचा कायदा केला, पाण्यात सुरुंग लावून आणि विष कालवून मासे मारण्यावर बंदी घातली, तोही ब्रिटिश हिंदुस्थानापुरताच होता.

निजामी मुलखात पाणी अडवण्याची परंपरा मात्र जुनी होती. नळदुर्गात बोरी नदीवर इब्राहिम आदिलशहा दुसऱ्याच्या काळात, १६१३मध्ये, बांध घातला गेला आणि त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला. हैदराबाद राज्यात मत्स्यशास्त्र आले ते विसाव्या शतकाच्या चाळिशीत. एम. रहिमुल्ला आणि एस. महमूद यांनी राज्यातल्या माशांचे सर्वेक्षण हाती घेतले आणि त्याचे भाग बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. मेदक आणि निजामाबाद हे जिल्हे त्यांत आले. तलावांचा तेलंगणा मासळीच्या दृष्टीने श्रीमंत होता, त्यामुळे लक्ष तिकडे जाणे साहजिकच होते.

दरम्यान ब्रिटिश हिंदुस्थानात युद्धाने आणि दुष्काळाने कामाला वेग आला होता. स्वातंत्र्याच्या काही महिने आधी दोन संशोधन केंद्रे उभी राहिली. ३ फेब्रुवारी १९४७ रोजी सागरी माशांसाठी एक, ज्याचे ठाणे पुढे तमिळनाडूतले मंडपम झाले. १७ मार्च १९४७ रोजी गोड्या पाण्यासाठी दुसरे, कलकत्त्यात, जे नंतर बराकपूरला गेले. त्याच वर्षी धाराशिवच्या सीमेवर वेगळाच संघर्ष पेटला होता. हैदराबाद संस्थान भारतात सामील व्हावे म्हणून सीमेपलीकडच्या छावण्यांतून लढा चालू होता आणि गावांवर रझाकारांचे हल्ले होत होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. १९५६मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६०मध्ये महाराष्ट्रात. म्हणजे राष्ट्रीय मत्स्यसंशोधन उभे राहत असताना हा जिल्हा बारा-तेरा वर्षांत तीन राज्यकारभारांतून गेला.

राज्यघटनेने या विषयाची वाटणीही करून टाकली. मासेमारी राज्यांच्या यादीत गेली. खोल समुद्रातली मासेमारी केंद्राकडे राहिली. संशोधन संस्था केंद्राच्या, तलाव राज्याचे. त्यामुळे समन्वय हा शब्द भारतीय मत्स्यशास्त्राला जन्मापासूनच चिकटला. जो शोध लावेल त्याच्या हाती पाणी नाही, आणि ज्याच्या हाती पाणी आहे त्याच्याकडे प्रयोगशाळा नाही, अशी ती रचना होती.

पहिला मोठा अडसर बियाण्याचा होता. कटला, रोहू आणि मृगळ हे भराभर वाढणारे, बाजारात मागणी असलेले मासे. पण तलावाच्या साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. पावसाळ्यात नदीला पूर आला, पाणी उथळ काठावर पसरले, की तिथे त्यांचा विणीचा हंगाम होतो. म्हणून गंगा आणि तिच्या उपनद्यांतून सुईच्या टोकाएवढी पिल्ले गाळून घ्यायची, कलकत्त्याच्या बाजारात विकायची आणि भांड्यांतून रेल्वेने देशभर पाठवायची, असा व्यापार चाले. त्यात नको त्या माशांची पिल्ले मिसळलेली असत आणि ती वेगळी ओळखणे कठीण असे. लांबच्या प्रवासात बरीचशी मरून जात. दख्खनच्या पठारावरच्या एखाद्या तलावात रोहू सोडायचा, तर सारा भरवसा गंगेच्या पुरावर आणि आगगाडीच्या वेळेवर.

१९४९मध्ये ओडिशातल्या कटकला तलावातल्या मत्स्यशेतीसाठी उपकेंद्र सुरू झाले. के. एच. अलिकुन्ही यांच्या देखरेखीखाली तिथे तरुण शास्त्रज्ञ हिरालाल चौधरी प्रयोग करत होते. माशाच्या मेंदूखाली असलेल्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचला तर मासा वीण घालतो, हे दक्षिण अमेरिकेत १९३०च्या दशकात दिसून आले होते. भारतातही तसे प्रयत्न झाले होते, पण हाती काही खात्रीचे लागले नव्हते. चौधरींनी आधी छोट्या जातींवर प्रयोग केले आणि १० जुलै १९५७ रोजी अंगुल इथे मृगळ जातीच्या माशाने टोचणीनंतर कापडी टाक्यात अंडी घातली. भारतीय कार्प माशाचे बी पहिल्यांदाच माणसाच्या हुकमी आले. २००१पासून १० जुलै हा देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

पुढे रूढ झालेली पद्धत कुठल्याही मत्स्यबीज केंद्रावरच्या कामगाराला पाठ असते. परिपक्व माशाच्या डोक्यातून ग्रंथी काढायची, शुद्ध अल्कोहोलमध्ये जपायची. हंगामात ती खलून, पाण्यात कालवून, गाळून घ्यायची. मादीला काही तासांच्या अंतराने दोन मात्रा, नराला एकच, तीही मादीच्या दुसऱ्या मात्रेबरोबर. मग जोडी बारीक जाळीच्या कापडी पेटीत सोडायची. चार-सहा तासांत अंडी पडतात, दुसऱ्या दिवसापर्यंत फुटतात. त्यातून निघतात ती मत्स्यजिरे. पंधरा-वीस दिवसांनी त्यांना आकार येतो आणि आणखी दोन-तीन महिन्यांनी बोटाएवढी बोटुकली तयार होते. तलावात सोडायची असते ती बोटुकली.

हे शेवटचे वाक्य धाराशिवसाठी फार महत्त्वाचे ठरणार होते.

१९५७ हे वर्ष भारतीय शेतीसंशोधनासाठी दुसऱ्याही कारणाने मोठे आहे. त्या वर्षी मक्यावरचा पहिला अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. कल्पना अशी की एकच प्रयोग, एकाच आराखड्याने, वेगवेगळ्या हवामानाच्या ठिकाणी एकाच वेळी करायचा आणि निकाल दरवर्षी एकत्र बसून तपासायचे. गहू-भातासाठी हीच पद्धत वापरली गेली आणि हरितक्रांतीचा पाया त्यावर रचला गेला. १९६७मध्ये मत्स्यसंशोधन संस्था भारतीय कृषी संशोधन परिषदेकडे आल्या आणि समन्वित प्रकल्पांची ही पद्धत माशांनाही लागू झाली.

१९५९मध्ये जपानहून चंदेरी मासा आणि हाँगकाँगहून गवत्या मासा कटकला आणला गेला होता. देशी तीन जाती आणि परदेशी तीन जाती एकाच तळ्यात सोडून बघण्याचे प्रयोग झाले. कटला आणि चंदेरी वरच्या थरातले खातात, रोहू मधल्या थरातले, गवत्या पाणवनस्पती खातो, मृगळ आणि तिसरी परदेशी जात सायप्रिनस तळाशी चरतात. सहा जणांची पंगत एकाच पाण्यात, आणि कुणी कुणाच्या ताटाला हात लावत नाही. याला संमिश्र मत्स्यशेती असे नाव पडले. १९७१मध्ये तिचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला आणि महाराष्ट्रातले केंद्र पुण्याला आले. त्याआधी देशातल्या तळ्यांचे सरासरी उत्पादन वर्षाला हेक्टरी ६०० किलोच्या आसपास धरले जाई. प्रकल्पाच्या केंद्रांनी ते काही टनांवर नेऊन दाखवले. त्यापाठोपाठ पाचव्या पंचवार्षिक योजनेच्या तोंडावर, १९७३-७४पासून, मत्स्यशेतकरी विकास यंत्रणा स्थापन होऊ लागल्या आणि हे तंत्र जिल्ह्याजिल्ह्यांत नेण्याचे काम त्यांच्याकडे आले.

आता धाराशिवकडे, तेव्हाच्या उस्मानाबादकडे वळू. लातूरही तेव्हा याच जिल्ह्यात होते, ते १९८२मध्ये वेगळे झाले. १९७१ आणि १९७२ या लागोपाठच्या वर्षांत पाऊस हुकला. बहात्तरचा दुष्काळ म्हटला की आजही म्हाताऱ्या माणसांना खडी फोडण्याची कामे आणि वाटलेली सुकडी आठवते. वसंतराव नाईक यांच्या सरकारने लाखो लोकांना कामावर घेतले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर पसरली आणि १९७७मध्ये तिचा कायदा झाला. या कामांतून रस्ते झाले आणि पाझर तलाव झाले. माणसांनी डोक्यावरून माती वाहून बांध घातले.

म्हणजे एकाच दोन-तीन वर्षांच्या काळात पुण्याच्या तळ्यांत संमिश्र मत्स्यशेतीची मोजमापे चालू होती आणि पठारावर शेकडो नवी तळी खणली जात होती. दोन्ही कामे सरकारचीच होती, पण एका कामाच्या आराखड्यात दुसऱ्याचा विचार नव्हता. पाझर तलावाचे काम पाणी जमिनीत मुरवणे. त्याची आखणी विहिरींना पाझर मिळावा अशी होती. त्यात पाणी जितके चांगले मुरेल, तितके मासे अडचणीत येणार.

या दुष्काळाच्या आधी आणि नंतर जिल्ह्यात लहानमोठी धरणेही झाली. तेरजवळ तेरणेवर एक, माकणीला निम्न तेरणा, परंड्यात खासापुरी, चांदणी आणि नंतर सीना-कोळेगाव. यांच्यावर मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने देण्याची पद्धत पडली. संस्थेने ठेका भरायचा, मत्स्यबीज विकत घेऊन सोडायचे, आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेले की जाळी ओढायची. काही वर्षे जमते, काही वर्षे ठेक्याचे पैसेही निघत नाहीत. सारे पावसावर.

इथे समन्वयाच्या पहिल्या पिढीची मर्यादा दिसते. १९७१मध्येच जलाशयांच्या अभ्यासाचा वेगळा समन्वित प्रकल्प सुरू झाला होता. त्याची निवड भवानीसागर, नागार्जुनसागर, रिहंद अशा जलाशयांवर पडली. अशा विस्तीर्ण पाण्यात मासे स्वतःच वीण घालू शकतात, त्यामुळे प्रश्न असतो तो त्यांना वाढू देण्याचा आणि बेताने पकडण्याचा. उलट टोकाला पुण्याची नीट बांधलेली, खत आणि खाद्य घातलेली तळी. धाराशिवचे पाणी यांपैकी कशातच बसत नव्हते. इथे जुलै ते सप्टेंबर भरणारा, मार्च-एप्रिलमध्ये आटणारा तलाव आहे. त्यात खत घालायला मुभा नाही, कारण पाणी पिण्याचे आणि शेतीचे आहे. त्यातले पाणी कधी सोडायचे हे मच्छीमार ठरवत नाही.

ही तिसरी जात शास्त्राच्या नजरेत आली ती ऐंशीच्या दशकात. तमिळनाडूतल्या आळियार जलाशयावर बराकपूरच्या संस्थेने काम केले. बोटुकली मोठी सोडली, ठरलेल्या प्रमाणात सोडली, आणि वाढ पुरी होईपर्यंत जाळी आवरली, तर उत्पादन कित्येक पटींनी वाढते, हे तिथे दिसले. १९९५मध्ये व्ही. व्ही. सुगुणन यांनी जागतिक अन्न व कृषी संघटनेसाठी भारतातल्या जलाशयांचा जो ग्रंथ लिहिला, त्यात आकडे लख्ख मांडले. देशात हजार हेक्टरांखालचे लहान जलाशय १९,१३४ होते आणि त्यांचे क्षेत्र सुमारे १४.८५ लाख हेक्टर. त्यांचे सरासरी उत्पादन हेक्टरी ५० किलोंच्या घरात. मोठ्या जलाशयांचे तर ११ किलोच. म्हणजे लहान पाणी मोठ्या पाण्याच्या चौपट देत होते, आणि तरीही देऊ शकेल त्याच्या कितीतरी कमी.

लहान तलाव आटतो हा मासळीच्या दृष्टीने निव्वळ शाप नाही, हेही यातून कळले. तलाव कोरडा पडला की त्यातले मरळीसारखे शिकारी मासे मरतात किंवा पकडले जातात. पुढच्या पावसात नव्या पाण्यात सोडलेल्या बोटुकलीला शत्रू कमी असतात. तळाला उन्हे लागतात, गाळ तापतो, नव्या पाण्यात सूक्ष्म जीव भरभरून वाढतात. अट एकच. बोटुकली दहा सेंटिमीटरच्या आसपास हवी आणि पाणी भरताच पडायला हवी.

आणि इथेच गाठ बसते. जुलैमध्ये टोचणी करून काढलेले बी बोटुकली होईपर्यंत ऑक्टोबर उजाडतो. एप्रिलमध्ये तलाव आटणार असेल, तर वाढीला सहा महिनेच उरतात आणि त्यांतले तीन थंडीचे, माशाच्या मंद वाढीचे. घाई करून जिऱ्याएवढे बी सोडले, तर ते मरळीच्या पोटात जाते. यावर उपाय आंध्रातल्या कोल्लेरू भागातल्या शेतकऱ्यांनी फार पूर्वी काढला. आदल्या वर्षीचे बी दाटीने आणि कमी खाद्यावर वर्षभर सांभाळायचे. ते आकाराने लहान राहते, पण वयाने मोठे असते, आणि मोकळे पाणी मिळताच झपाट्याने वाढते. असे वर्षाचे बी पहिल्या पावसालाच तलावात पडले, तर सहा-आठ महिन्यांत बाजाराचा मासा होतो. त्यासाठी थोडेच पाणी लागते, पण ते मे महिन्यात लागते. आणि धाराशिवमध्ये नेमके मे महिन्यातच पाणी नसते.

या शतकात संस्थांची संख्या वाढली. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय शेजारच्या लातूर जिल्ह्यात, उदगीरला आले. २००६मध्ये हैदराबादला राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळ स्थापन झाले. केंद्रात मत्स्यव्यवसायाचा स्वतंत्र विभाग झाला आणि सप्टेंबर २०२०मध्ये २०,०५० कोटी रुपयांची प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना सुरू झाली. २०१८मध्ये जिल्ह्याची निवड देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांत झाली. एप्रिल २०२५मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे वीज, कर्ज आणि विमा यांत शेतकऱ्याला मिळणाऱ्या सवलतींची दारे मच्छीमारालाही उघडली.

निसर्गाने मात्र आपले वेळापत्रक बदलले नाही. २०१६च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. धाराशिव शहरासाठी उजनीहून नळ आला. उलट सप्टेंबर २०२५मध्ये सीनेला असा पूर आला की परंड्यात वेढलेल्या लोकांना बाहेर काढायला हेलिकॉप्टर वापरावे लागले. अशा पुरात सांडव्यावरून पाण्याबरोबर मासेही निघून जातात. सांडव्याला जाळी लावणे हा साधा उपाय पुस्तकात आहे, पण सांडव्याला हात लावायचा अधिकार मच्छीमाराचा नाही.

जिल्ह्याच्या पातळीवर समन्वयाचा प्रश्न असा उभा राहतो. धरण जलसंपदा विभागाचे. शंभर हेक्टरांपर्यंत सिंचन करणारा तलाव जिल्हा परिषदेचा, त्याहून मोठा जलसंधारण विभागाचा. शेततळे कृषी विभागाच्या योजनेतले. मासा मत्स्यव्यवसाय विभागाचा. शिक्षण उदगीरला, संशोधन बराकपूर आणि भुवनेश्वरला. एका तलावातल्या एका रोहूवर इतक्या कार्यालयांचा संबंध पोचतो, आणि त्यांतल्या कुणाच्याही कामाच्या यादीत मे महिन्यात बी जगवणे हे काम नाही.

गमतीची गोष्ट अशी की त्यासाठी लागणारे पाणी जिल्ह्यात आज आहे. २०१६पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून आणि त्याआधीच्या फलोत्पादन योजनांतून प्लास्टिकचे अस्तर घातलेली शेततळी झाली. द्राक्षबागा उन्हाळ्यात जगाव्यात म्हणून शेतकरी ती भरून ठेवतो. हे पाणी मुरत नाही, आणि त्याचे नियोजन एका माणसाच्या हातात आहे. अशा शेततळ्यात वर्षाचे बी सांभाळायचे, पहिल्या पावसाला शेजारच्या तलावाच्या सहकारी संस्थेला विकायचे, आणि ठेक्याच्या अटींत बोटुकलीचा आकार लिहून टाकायचा. शेतकऱ्याला बागेच्या पाण्यावर जोडउत्पन्न मिळते आणि भोयाला वेळेवर बी मिळते.

अंगुलच्या कापडी टाक्यात १९५७मध्ये जे साधले ते बियाणे हुकमी करण्याचे काम होते. पुणे आणि आळियारने पाणी कसे वापरायचे ते शिकवले, कोल्लेरूने बी कसे थांबवायचे ते. धाराशिवला यांतले काहीही नव्याने शोधायचे नाही. जिल्ह्याच्या नियोजन समितीने एका पानावर तलावांची यादी घ्यावी, प्रत्येकात पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते ते समोर लिहावे, आणि त्या महिन्यावरून मागे मोजत बी कुठे, कधी आणि केवढे हवे ते ठरवावे. राष्ट्रीय समन्वयाच्या सत्तर-ऐंशी वर्षांचा हिशेब या जिल्ह्यापुरता त्या एका पानावर मांडता येईल.